एका खोलीत बसून

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वादक येण्यापूर्वीचा तास मला फार मोलाचा वाटतो. मोठी खोली रिकामी असते, माइकचे स्टँड भिंतीशी ओळीने उभे असतात, केबलींची भेंडोळी जमिनीवर पडलेली असतात आणि माझ्या हातात एक कागद असतो. त्यावर खोलीचा आराखडा पेन्सिलीने काढलेला असतो: ड्रम कुठे, डबल बास हे उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य कुठे, सॅक्सोफोनवाल्याचे तोंड कोणाकडे, कोण काचेच्या बूथमध्ये आणि कोण बाहेर. गेली अकरा वर्षे मी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत सहायक म्हणून काम करते आहे. जॅझ वाजवणारे कलावंत आणि निरनिराळ्या देशांतील पारंपरिक वाद्ये घेऊन त्यांच्याबरोबर बसणारे वादक नव्या अल्बमसाठी येतात, तेव्हा कोणता माइक लावला यापेक्षा कोण कुठे बसले यावर त्या अल्बमचे भवितव्य अधिक अवलंबून असते, असे माझे मत होत गेले आहे. ते मत कसे झाले, हे आज सविस्तर लिहायचे आहे.

पॉप गाणे बहुधा थराथरांनी रचले जाते. आधी ठेका, मग बास, मग गिटार, शेवटी आवाज. प्रत्येक जण वेगळ्या वेळी येतो, आधीचे थर हेडफोनमध्ये ऐकत आपला भाग वाजवतो आणि जातो. त्यात गैर काहीच नाही, कारण त्या गाण्यातला पुढचा क्षण कसा असेल हे आधीच ठरलेले असते. जॅझमध्ये मात्र ठरलेले असते ते फार थोडे: एक धून, तिच्याखालचे स्वरसमूह आणि कोणी कोणामागून वाजवायचे याचा अंदाज. बाकीचे सारे तिथल्या तिथे, समोरच्याने जे वाजवले त्याला उत्तर म्हणून घडते. ड्रमवाल्याने सिंबलला नुसता स्पर्श केला, म्हणून पियानोवाल्याने हात आखडता घेतला, आणि त्याने हात आखडता घेतला म्हणून सॅक्सोफोनला बोलायला जागा मिळाली, अशी ती साखळी असते. तिच्यातली एक कडी आज आणि दुसरी पुढच्या आठवड्यात, असे करता येत नाही.

म्हणूनच या संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास चाळू लागले की हाती लागतो तो चांगल्या खोल्यांचा इतिहास. रूडी व्हॅन गेल्डर हे पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढून देणारे. ते काम सांभाळून न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ते ध्वनिमुद्रण करत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाने १९५६ साली ११ मे आणि २६ ऑक्टोबर अशा दोनच दिवसांत तिथे इतके वाजवले की प्रेस्टिज कंपनीने त्यातून पुढे चार अल्बम काढले. दोन दिवसांत चार अल्बम हे आज अविश्वसनीय वाटते, पण ती मंडळी रात्रीमागून रात्र क्लबमध्ये हेच वाजवत होती. दिवाणखान्यात येऊन त्यांनी एकामागून एक रचना वाजवल्या, इतकेच. १९५९ साली व्हॅन गेल्डरांनी जवळच एंगलवूड क्लिफ्स येथे स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याचे लाकडी छत सुमारे ३९ फूट उंच आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ९ डिसेंबर १९६४ रोजी ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजवले ते याच छताखाली. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ तर मुळात चर्च होते. माइल्स डेव्हिसचे ‘काइंड ऑफ ब्लू’ तिथे १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झाले. या ध्वनिमुद्रिका मी कामाच्या निमित्ताने शेकडो वेळा ऐकल्या आहेत, आणि दर वेळी वाद्यांच्या बरोबरीने ती खोलीही ऐकू येते.

तालमीबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगते. ब्लू नोट या जॅझच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचे आल्फ्रेड लायन हे वादकांना ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमीचेही पैसे देत असत. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत गुंतागुंतीच्या रचनासुद्धा सहज उतरलेल्या वाटतात, याचे बरेचसे श्रेय मी या एका सवयीला देते.

आता अडचणीकडे येते. एका खोलीत चार वाद्ये वाजली की प्रत्येक माइकमध्ये चारही वाद्ये शिरतात. आमच्या धंद्यात याला लीकेज म्हणतात. सॅक्सोफोनच्या माइकमध्ये ड्रम, ड्रमच्या माइकमध्ये बास, आणि बासच्या माइकमध्ये तर सगळेच. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. चार मीटरवरच्या ड्रमचा ठोका त्याच्या स्वतःच्या माइकपेक्षा शेजारच्या वाद्याच्या माइकमध्ये सुमारे बारा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. पुढे हे दोन्ही ध्वनी एकत्र केले की काही कंपने एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि ठोक्याचा रंग बदलतो. डबल बासच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. त्याच्या एका लाटेची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. असा स्वर कुठल्याही लहान बूथमध्ये नीट मावत नाही आणि पातळ आडोशाने अडत नाही. म्हणून शिकाऊ माणसाचा पहिला विचार असतो तो सर्वांना वेगळे करण्याचा: ड्रम एका बूथमध्ये, बास दुसऱ्यात, प्रत्येकाला हेडफोन, प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र ट्रॅक. कागदावर तो आराखडा निर्दोष दिसतो.

असाच एक निर्दोष आराखडा काही वर्षांपूर्वी मी स्वतः काढला होता. टेनर सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम आणि कोरा अशी ती चौकडी होती. डबल बास वाजवणाऱ्या बाई गटाच्या प्रमुख होत्या आणि नऊ रचना दोन दिवसांत वाजवून तिसऱ्या दिवशी मिक्सिंग, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवून एकत्र करण्याचे काम, करायचे ठरले होते. कोरा हे पश्चिम आफ्रिकेतील एकवीस तारांचे वाद्य. अर्ध्या भोपळ्यावर चामडे ताणून बसवलेले असते, त्यातून लांब दांडी वर जाते, आणि वादक ते स्वतःकडे वळवून दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी एवढ्याच चार बोटांनी वाजवतो. त्याचा आवाज स्वच्छ असतो, पण मोठा नसतो. ड्रमच्या शेजारी ठेवले तर ते बुडून जाईल या भीतीने मी कोरावादकांना काचेच्या बूथमध्ये बसवले. त्या वेळी मुख्य ध्वनिमुद्रकांनाही ते पटले होते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीन रचना झाल्या. एकही चूक नव्हती. सूर बरोबर, लय बरोबर, सुरुवात आणि शेवट एकत्र. आणि कंट्रोल रूममध्ये ऐकायला बसलो तेव्हा कोणीच काही बोलेना. बासवाल्या बाईंनी तिसरी रचना दुसऱ्यांदा लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली, आणि ड्रमवाल्याला शांतपणे विचारले, “तू इतका सपाट का वाजवतो आहेस?” तो गोंधळला. तो म्हणाला, “मला कोरा अगदी छान मोठा ऐकू येतोय, मग मी हात कशाला आवरू?”

या उत्तराने माझे डोळे उघडले. त्याच्या हेडफोनमध्ये कोरा मोठा होता, कारण तो मी मोठा करून दिला होता. बटण फिरवून मी कोऱ्याचा नाजूकपणा त्याच्यापासून लपवून ठेवला होता. खरा कोरा समोर असता, तर त्याच्या तारा ऐकू याव्यात म्हणून ड्रमवाल्याचा हात आपोआप हलका झाला असता. त्याने काठ्या खाली ठेवून ब्रश घेतले असते, सिंबलचा मधला भाग सोडून कडेला गेला असता. तो हलका झाला की सॅक्सोफोनही श्वास कमी सोडतो, सॅक्सोफोन हलका झाला की बासचे बोट तारेवर वेगळे पडते. वादक एकमेकांचा तोल हातांनी सांभाळतात. ते काम मी त्यांच्याकडून काढून कन्सोलवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांच्या फळ्यावर, आणून ठेवले होते आणि त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. बूथमधले कोरावादक तर सकाळपासून एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवून वाजवत होते. मला वाटले होते की त्यांना तो टोचत असेल. ते स्वतःच्या वाद्याचा खरा आवाज शोधत होते, हे मला त्यांच्या हालचालीवरून सकाळीच कळायला हवे होते.

मुख्य ध्वनिमुद्रकांनी संध्याकाळी सगळे मोडून पुन्हा मांडायला सांगितले. कोरा खोलीच्या मध्यभागी आला. त्याच्यापासून चार मीटरवर ड्रम, दोन मीटरवर बास, सॅक्सोफोन समोर. बासच्या एका बाजूला चाकांवरचा कमरेइतक्या उंचीचा आडोसा ठेवला, म्हणजे आवाज थोडा अडावा पण नजर अडू नये. कोऱ्यासाठी रिबन माइक निवडला. या प्रकारचा माइक पुढचे आणि मागचे ऐकतो, दोन्ही कडांना मात्र तो जवळजवळ बहिरा असतो; त्याच्या ग्रहणाचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा काढतात. मी गुडघ्यांवर बसून तो माइक बोटभर बोटभर फिरवत होते आणि कंट्रोल रूममधून मला “अजून डावीकडे, अजून थोडा, थांब” असे ऐकू येत होते. ड्रमवाला एकाच जागी ब्रश घासत बसला होता. माइकची बहिरी कड नेमकी ड्रमच्या दिशेला आली तो क्षण मला हेडफोनशिवायही कळला असता, इतके आतल्या माणसांचे चेहरे बदलले. ड्रम नाहीसा झाला नव्हता. तो मागे सरकून खोलीत जाऊन बसला होता.

यानंतर लगेच सगळे जमले असे मात्र झाले नाही. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे रचना पहिल्यांदा वाजवून घेतली तेव्हा, सॅक्सोफोन सगळ्यांच्या डोक्यावर बसला. त्याला कोणी काही सांगितले नाही. दुसऱ्या टेकआधी तो स्वतःच तीन पावले मागे गेला, आणि कोऱ्याची एकट्याची जागा संपत आली की वाजवता वाजवता हळूहळू पुढे येऊ लागला. ती पावले अल्बममध्ये ऐकू येतात. म्हणजे बुटांचा आवाज नव्हे. सॅक्सोफोन दुरून जवळ येतो, ते ऐकू येते. कन्सोलवरच्या फेडरवर बोट ठेवून आवाज वाढवता येतो, पण त्याने वाद्य फक्त मोठे होते, जवळ येत नाही. हा फरक ज्यांना कधी शब्दांत सांगता येणार नाही त्यांनाही ऐकताना जाणवतो, अशी माझी खात्री आहे.

स्वर मिळवण्याचा भाग तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कोऱ्याच्या तारा एका वेळी एकाच सात स्वरांच्या सप्तकात लावलेल्या असतात. स्वरांचा मेळ बदलायचा म्हणजे तारा पुन्हा लावायच्या. आता पुष्कळ वाद्यांना गिटारसारख्या खुंट्या असतात, पण या वादकांच्या कोऱ्याला जुन्या पद्धतीची चामड्याची कडी होती. ती दांडीवर हाताने वर-खाली सरकवून तार चढवायची किंवा उतरवायची. एकवीस कडी. त्यामुळे अल्बमवर रचना कोणत्या क्रमाने येणार याचा विचार सोडून, एका मेळातल्या रचना सलग आणि दुसऱ्या मेळातल्या त्यानंतर, असा क्रम लावावा लागला. दिव्यांच्या उष्णतेने चामडे ताणले जाते म्हणून अर्धे दिवे बंद केले. शिवाय त्यांचा षड्ज, पाश्चात्त्य वाद्ये ज्यावर लावतात त्या ४४० हर्ट्झच्या मापाशी तंतोतंत जुळत नव्हता, किंचित खाली होता. पियानो असता तर मोठीच अडचण झाली असती, कारण पियानो कोणासाठी वाकत नाही. इथे डबल बासला पडदे नसतात, त्यामुळे बाईंचे बोट आपली जागा आपणच शोधत होते, आणि सॅक्सोफोनवाल्याने मुखपत्र नळीवरून जरासे बाहेर ओढून घेतले. नळीची लांबी वाढली की स्वर उतरतो. दोन मिनिटांत दोघेही कोऱ्याकडे आले. चार वेगळ्या परंपरांतली माणसे एकत्र येतात तेव्हा कोणाचा स्वर प्रमाण मानायचा, हा प्रश्न सोपा नसतो. त्या दिवशी सर्वांत कमी आवाजाच्या वाद्याचा स्वर बाकीच्यांनी न बोलता प्रमाण मानला, आणि मला ते फार योग्य वाटले.

स्वराच्या बाबतीत यंत्रही दगा देऊ शकते. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या २ मार्चच्या बैठकीत मुख्य टेप यंत्र ठरलेल्या वेगापेक्षा किंचित हळू चालत होते. त्यामुळे योग्य वेगाने टेप लावल्यावर पहिल्या बाजूवरच्या तीनही रचना मूळ स्वरापेक्षा थोड्या चढ्या ऐकू येत. १९९० च्या दशकात, जोडीला चालवलेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून हा दोष दूर करण्यात आला. तोपर्यंत तीसहून अधिक वर्षे जगभरचे विद्यार्थी त्या तबकडीबरोबर वाजवायला बसत आणि आपलेच वाद्य उतरले आहे असे समजत असणार.

एका खोलीत बसण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती लपवणे बरोबर नाही. आमच्या सातव्या रचनेच्या दुसऱ्या टेकमध्ये धून परत येते त्या ठिकाणी सॅक्सोफोनचा एक सूर फसला. पूर्ण चुकला नाही, अर्ध्यावर तुटला. बाकी टेक असा होता की तो चालू असताना कंट्रोल रूममध्ये मी पेन्सिल हलवायलाही घाबरत होते. सॅक्सोफोन वेगळ्या बूथमध्ये असता, तर तेवढा सूर पुन्हा वाजवून तिथे बसवता आला असता. पण तो फसलेला सूर कोऱ्याच्या माइकमध्ये होता, बासच्या माइकमध्ये होता, ड्रमवरच्या दोन्ही माइकमध्ये होता. तो पुसायचा म्हणजे ती खोलीच पुसायची. तिसऱ्या टेकचा शेवट कापून दुसऱ्याला जोडून पाहिला, तर लय जुळेना. क्लिकचा, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या लयीचा, ठोका न लावता वाजवले होते आणि दुसरा टेक मनासारखा रंगत गेल्याने शेवटाकडे किंचित चढला होता. मी तिसरा टेक घ्यावा असे सुचवले, कारण त्यात तो सूर स्वच्छ होता. बासवाल्या बाईंनी दोन्ही टेक सर्वांना पुन्हा एकदा ऐकवले आणि सॅक्सोफोनवाल्याकडे पाहिले. तो म्हणाला, “दुसरा ठेवा.” अल्बमवर दुसरा टेक आहे. तो सूर मला आजही खटकतो आणि तिसरा टेक मात्र मला आठवतही नाही.

कापून जोडण्याच्या विरोधात मी आहे असा कोणी अर्थ काढू नये. माइल्स डेव्हिसच ‘काइंड ऑफ ब्लू’नंतर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, ‘बिचेस ब्रू’साठी तीन दिवस मोठा ताफा घेऊन बसले, आणि निर्माते टिओ मसेरो यांनी त्या टेपा ब्लेडने कापून, तुकडे पुढे-मागे लावून, काही तुकडे पुन्हा वापरून जे उभे केले ते कोणीही एका बैठकीत वाजवलेले नव्हते. ती थोर निर्मिती आहे. भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र वाजवणाऱ्या ‘शक्ती’ या गटाच्या मंडळींनी २०२३ साली काढलेला ‘धिस मोमेंट’ हा अल्बमही वेगवेगळ्या ठिकाणी बसून, एकमेकांना ध्वनिमुद्रणे पाठवत तयार झाला आणि त्याला ग्रॅमी मिळाले. पण मसेरोंच्या हातात आलेल्या टेपांवर एका खोलीत एकमेकांकडे पाहत वाजवणारी माणसे होती, आणि ‘शक्ती’तले गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन व झाकीर हुसेन हे १९७० च्या दशकापासून एकमेकांच्या शेजारी बसत आले होते. इतक्या वर्षांची सोबत असली की समोरचा माणूस खोलीत नसतानाही ऐकू येत असावा. पहिल्यांदा भेटणाऱ्यांना ती सोय नसते.

पहिल्यांदा भेटणाऱ्यांची उदाहरणे मला म्हणूनच जास्त शिकवतात. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एका प्रार्थनागृहात ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ वाजवले, तेव्हा त्यांची पहिली भेट होऊन जेमतेम तास झाला होता. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार ही दोन्ही तारेवरून घसरत जाणारी वाद्ये. शब्दांची ओळख होण्याआधी मींडेची ओळख झाली. त्याच कूडरना मार्च १९९६ मध्ये हवाना येथे वेगळाच अनुभव आला. मालीतील वादक क्यूबाच्या वादकांबरोबर वाजवणार होते, पण प्रवासाच्या कागदपत्रांच्या अडचणीमुळे ते पोहोचलेच नाहीत. एग्रेम कंपनीचा जुना प्रशस्त स्टुडिओ ठरवून ठेवलेला होता. मग तिथल्याच बुजुर्ग गायक-वादकांना बोलावण्यात आले. इब्राहीम फेरेर आणि पियानोवादक रुबेन गोन्सालेस हे तर त्या वेळी संगीतापासून जवळजवळ दूर झालेले होते. त्यातून ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ हा अल्बम घडला. तो ऐकताना पियानो, काँगा हे ढोल आणि आवाज एकाच लाकडी जमिनीवर उभे आहेत हे स्पष्ट कळते. मूळच्या बेताप्रमाणे माली आणि क्यूबा यांच्या एकत्र वादनाचा अल्बम निघायला पुढे २०१० साल उजाडावे लागले; त्याचे नाव ‘आफ्रोक्युबिझम’.

ईसीएम या जर्मन ध्वनिमुद्रिका कंपनीचे निर्माते मानफ्रेड आयखर यांची रीत आम्ही आमच्या चौकडीच्या वेळी पाळत होतो, हे लिहायचे राहिले. दोन दिवस ध्वनिमुद्रण आणि एक दिवस मिक्सिंग, असा त्यांचा शिरस्ता प्रसिद्ध आहे. आयखर स्वतः डबल बास वाजवत. त्यांचे बरेचसे काम ओस्लोच्या रेनबो स्टुडिओत यान एरिक कोंग्सहाउग यांच्याकडे होई, आणि तेही गिटारवादक होते. झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांचे ‘मेकिंग म्यूझिक’ तिथेच डिसेंबर १९८६ मध्ये झाले. वेळ थोडा असल्याने घाई होते असा समज आहे. माझा अनुभव उलट आहे. दोनच दिवस आहेत हे माहीत असले की वादक पहिल्या टेकपासून ऐकू लागतात. पंधरा दिवस हाताशी असले की पहिले पाच दिवस कोणीच कोणाचे ऐकत नाही.

आमच्या अल्बमच्या मिक्सिंगला फारसे काही करावे लागले नाही. एकूण अकरा माइक होते. लीकेज इतके होते की एकाचा फेडर वर नेला की बाकीचे तीन त्याच्याबरोबर थोडे वर येत, म्हणून हात अगदी जपून लावावा लागला. मुख्य ध्वनिमुद्रकांनी आधी खोलीच्या वरच्या दोन माइकवरच संपूर्ण चित्र उभे केले आणि जवळचे माइक नंतर, भाजीत मीठ घालावे तसे, चिमटीने वाढवत नेले. पहिल्या दिवशी बूथमध्ये केलेल्या तीन रचना दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून घेतल्या होत्या. जुन्या टेक्स मी एकदा तुलनेसाठी लावल्या. कोरा त्यांत अधिक सुस्पष्ट आहे, प्रत्येक तारेवरचे नखाचे टोक ऐकू येते. नव्या टेक्समध्ये तो थोडा दूर आहे आणि चौघेही त्याच्याभोवती बसले आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळे संपल्यावर, स्टँड हलवण्याआधी, मुख्य ध्वनिमुद्रकांनी वादकांना आपापल्या जागी तसेच बसून राहायला सांगितले आणि एक मिनिट काहीही न वाजवता ध्वनिमुद्रण चालू ठेवले. खोलीची शांतता घेऊन ठेवण्याची ही जुनी पद्धत आहे. मास्टरिंगच्या, म्हणजे रचना क्रमाने जोडून अल्बमवर शेवटचा हात फिरवण्याच्या, वेळी तिचा उपयोग झाला. तिसरी रचना कोऱ्याच्या एका सुटलेल्या तारेवर संपते आणि चौथी बासने सुरू होते. मधल्या जागेत संगणकाची कोरी शांतता ठेवली तेव्हा खोलीचे दार कोणीतरी बंद करून पुन्हा उघडल्यासारखे वाटत होते. बासवाल्या बाईंनी त्या जागी ते मिनिट वापरायला सांगितले. त्यातले चार सेकंद घेतले. हेडफोन लावून ऐकले तर त्या चार सेकंदांत ड्रमच्या स्टुलाचा हलका करकर आवाज आहे, आणि बाईंनी पुढच्या रचनेसाठी नव्हे, तर काम संपले म्हणून घेतलेला एक श्वास आहे.